ह्यांचं बाळंतपण

आमच्या संसारात तीन बाळंतपणं झाली. दोन माझी आणि एक ह्यांचं.

माझी दोन्ही माहेरी, मिरजेला झाली आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. पोरं झाली, वाढली, उलट उत्तरं द्यायला लागली. ह्यांचं मात्र कोल्हापुरात झालं, ऐन एप्रिलमध्ये, आणि त्याची आठवण झाली की मला अजून घाम फुटतो.

उचगावला ह्यांचा छोटा कारखाना आहे. तीन लेथ, चार कामगार आणि मालक म्हणून हे. पंपाचे शाफ्ट बनवायचे. त्या वर्षी कामावर आलेला एक नवा माणूस मोटर उचलायला कंबरेतून वाकला, तसे हे ओरडले, "अरे, असं उचलशील तर हर्निया होईल की! वजन कसं उचलायचं ते बघ." आणि ह्यांनी उचलून दाखवलं. (त्या माणसाला आजतागायत काही झालेलं नाही, म्हणजे शिकवणी चांगली झाली.) ह्यांना मात्र त्याच संध्याकाळी जांघेपाशी लिंबाएवढी गाठ दिसली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "टाके कोरडे ठेवा, वजन उचलू नका, पोट साफ राहू दे, खोकला होऊ देऊ नका आणि घरातल्या घरात चालत राहा." मी म्हटलं, यात काय अवघड आहे? पोरं सुट्टीला मिरजेला गेलेली, घर रिकामं. पंधरा दिवसांत नवरा उभा करून कारखान्यात पाठवू.

पण घरी अव्वा होत्या.

अव्वा म्हणजे ह्यांच्या आई. निपाणीकडच्या. उंच, काटक, आवाज असा की हाक स्वयंपाकघरातून मारली तरी गल्लीतले तीन लोक "काय वो?" म्हणून बाहेर यायचे. चार लेकींची, भाच्यांची आणि गल्लीतल्या निम्म्या सुनांची बाळंतपणं त्यांनी निस्तरलेली. आजारी माणसाला उभं कसं करायचं याची त्यांना एकच रीत माहीत होती, पण ती सोळा आणे माहीत होती.

रिक्षातून उतरलो. अव्वांनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ह्यांना थेट मागच्या खोलीत नेलं. तिथं सुंभाची बाज टाकलेली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. खिडकीला गोधडी. कोपऱ्यात ओवा, शेपा आणि लसणाच्या सालांची धुरी.

"अव्वा, हे काय?"

"दिसत न्हाय व्हय? बाज हाय."

"अहो, पण ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय!"

"पोटाला टाकं पडल्यात का न्हाईत?"

"पडलेत, पण..."

"मग? टाकं पडल्यालं पोट म्हंजी वल्लं पोट. त्येला वारं लागाय नको. सव्वा म्हैना."

"अव्वा, मी पुरुष आहे!" हे खोलीच्या दारातच अडून म्हणाले.

"मला ठाव हाय," अव्वा म्हणाल्या. "समद्यांत आदी म्याच बघितलंय. पड गप."

हे पडले.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, "डॉक्टरांनी जखमेला काही लावायचं नाही म्हणून सांगितलंय."

"टाक्याला मी हात लावणार न्हाय," अव्वांनी जाहीर केलं. "तेवढी चार बोटं जागा डाक्टरची. बाकीचा माणूस माझा."

वाटणी झाली. त्यात बायकोच्या वाट्याला काहीच आलं नाही, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

सकाळी टाक्यांपासून वीतभर लांब राहून हातापायांना आणि पाठीला कोमट तेल. मग कानात कापूस आणि वरून रुमालाची घट्ट गाठ. नाष्ट्याला अळिवाची खीर. दुपारी मऊ भात, तूप, लसणाची फोडणी. जेवण झालं की भाजलेला ओवा आणि शेपा चघळायचा. चार वाजता डिंकाचा लाडू. पोट साफ राहावं म्हणून रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका. पाणी उकळलेलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालेलं आणि हे आत कानाला रुमाल बांधून खीर पितायत!

मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील. तिसऱ्या दिवशी खोलीत डोकावले, तर हे बारीक आवाजात म्हणाले, "सुमन, जरा दार लोटून घे. वारं येतंय."

मी ठरवलं, आता डॉक्टरच अव्वांना गप्प करतील. टाके काढायला जाताना त्यांना मुद्दाम बरोबर नेलं. आम्ही दारात शिरताच डॉक्टरांनी नाक वर करून हुंगलं. "घरात कोणी बाळंत झालंय का?"

"हेच," मी म्हणाले आणि सगळी तक्रार पुढ्यात ओतली.

"शेगडी आणि धुरी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "धुरानं खोकला येतो आणि खोकल्यानं टाक्यांवर ताण पडतो."

"खोकला, शिंक आली की उशी पोटाशी धराय शिकीवलंय मी त्येला," अव्वा म्हणाल्या. "दोनी हातानं. घट."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे उत्तम केलंत. आणि चालतात का?"

"सकाळ-संध्याकाळ घरातल्या घरात, म्होरल्या सोप्यात. माझा हात धरून."

"मग बाकीचं चालू द्या."

मी तक्रार घेऊन गेले होते, लाडवांची परवानगी घेऊन आले! पण अव्वांचं कौतुक यासाठी, की घरी येताच त्यांनी शेगडी स्वतःच्या हातानं विझवली आणि कुरकूर केली नाही. "डाक्टरचं बी खरं हाय," म्हणाल्या. "ज्येचं त्येला म्हाईत." सत्तरीतल्या बाईनं आयुष्यभराची रीत एका वाक्यात मोडली. मला कुणी माझी चहाची पद्धत बदलायला सांगितली असती, तर मी आठवडाभर वाद घातला असता.

इकडे बाज रंगात आली होती आणि तिकडे कारखान्याचा प्रश्न उभा होता. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची वर्षभराची ऑर्डर मिळायच्या बेतात होती. मिळाली तर तिन्ही लेथ चालणार होते, नाही मिळाली तर एक विकायला लागणार होता. कंपनीचे खरेदीवाले लिमयेसाहेब नमुन्याचे शाफ्ट मागवत होते आणि एकेक खेप तपासत होते.

"लिमयांना ऑपरेशनचं कळायला नको," हे बाजेवरून म्हणाले. "एकट्याचा कारखाना. मालक आडवा झाला म्हटलं की ऑर्डर दुसऱ्याच्या दारात."

"मग कारखान्यात कोण बघणार?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. अव्वांनीही बघितलं. तोवर मी त्या कारखान्यात फक्त खंडेनवमीला, लेथला हळदकुंकू वाहायला गेले होते! दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला उचगाव. कामगारांकडून माप घ्यायला शिकले. जो शाफ्ट मापात बसायचा नाही तो बाजूला काढायचा, एवढं सोपं तत्त्व. भाजीवालीकडून टोमॅटो निवडून घेणाऱ्या बाईला त्यात काय अवघड?

एका संध्याकाळी घरी आले आणि फोन वाजला.

"लिमये बोलतोय. मालकांना कारखान्यात तीनदा फोन केला, दरवेळी कामगारच उचलतो. कुठे असतात?"

समोर दार उघडं होतं. आत बाजेवर हे, कानाला रुमाल, आणि अव्वा चमच्यानं खीर भरवतायत. माझ्या तोंडून जे निघालं ते त्या देखाव्यानं काढून घेतलं.

"साहेब, आमच्याकडे बाळंतपण आहे. त्या धावपळीत आहेत."

"अरे वा! मुलगा की मुलगी?"

"मुलगा," मी म्हणाले.

"वजन चांगलं आहे ना?"

"बऱ्यापैकी."

"छान, छान! मी उद्या कोल्हापुरातच येतोय. ऑर्डरचंही बोलू आणि बाळालाही बघून जाऊ."

मी फोन ठेवला आणि खाली बसले.

"तुला दुसरं काही सुचलं नाही?" हे ओरडले (उशी पोटाशी धरून). "जोतिबाला गेलेत म्हणायचं!"

"महिनाभर? जोतिबाला?"

भांडायला वेळ नव्हता. शेवटी मीच योजना काढली. (घरात व्यवहारी मी आहे, असा तेव्हा माझा समज होता.) हे पँट-शर्ट घालून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसणार. बाजेवर मी झोपणार, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. शेजारी दुपट्यात गुंडाळलेली उशी. बाळ झोपलंय, बाहेरच्यांना अजून दाखवत नाही, असं सांगून पाहुण्याला चहावर वाटेला लावायचं.

"अव्वा, तुम्ही फक्त 'बाळ झोपलंय' म्हणायचं."

"मला लबाड बोलाय येत न्हाय," अव्वा म्हणाल्या. "मी गप बसते."

अव्वा गप्प बसणार म्हटल्यावरच मी सावध व्हायला हवं होतं!

लिमयेसाहेब आले. गोरे, सडपातळ, अतिशय सभ्य. हातात झबलं-टोपडं आणि खुळखुळा. मी आत गोधडीखाली, कानाला रुमाल बांधून, एप्रिलच्या दुपारी शिजत होते आणि बाहेरचं सगळं ऐकत होते.

"अभिनंदन! पण तुम्हीच किती थकलेले दिसताय हो! चालताना वाकताय."

"जागरणं," हे म्हणाले.

अव्वांनी चहा आणि डिंकाचे लाडू आणले. लिमयांनी एक खाल्ला, दुसरा घेतला. "काय लाडू आहेत! आजी, तुम्ही केलेत?"

अव्वा गप्प. शब्द पाळत होत्या.

"आता बाळाला बघतो आणि मग ऑर्डरचं बोलू."

"झोपलंय," हे घाईनं म्हणाले.

"नुसतं दारातून बघतो. झबलं दिल्याशिवाय जाणार नाही मी."

पावलं जवळ आली. मी भिंतीकडे तोंड केलं आणि बाळंतिणीला शोभेल असं कण्हले. लिमयांच्या मागोमाग हेही आत आले. आता, आज पुरुषासारखं दिसायचं म्हणून ह्यांनी कानातला कापूस काढून टाकला होता. त्यानं झालं, की खिडकीवरची गोधडी मी अंगावर घेतल्यानं वारं आत आलं म्हणून, ते देव जाणे. ह्यांचं नाक हललं. डोळे मिटले. तोंड उघडलं.

"आ... आ..."

अव्वांनी शिकवलेलं ह्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की शिंक यायच्या आत हात उशी शोधायचे. खोलीत उशी एकच होती. ह्यांनी झेप घेतली, माझ्या कुशीतलं बाळ उचललं, दोन्ही हातांनी पोटावर दाबलं, घट्ट, आणि सगळी गल्ली हादरेल अशी शिंक दिली!

"अहो, बाळ! बाळ! बाळ!" लिमये किंचाळले. खुळखुळा पडला आणि खुळखुळत बाजेखाली गेला. मी ताडकन उठून बसले. हे दुसऱ्या शिंकेच्या तयारीत, बाळाची घडी घातलेली.

आता अव्वांना राहवेना.

"घाबरू नगासा, पावणं," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती उशी हाय. बाळ ह्यो हाय. सत्तेचाळीस वर्साचा. बाळंतीण बी ह्योच. हर्नियाचं आपरेशन झालंय. ही सूनबाई उगंच झोपलीया, हिला काय बी झाल्यालं न्हाय." मग ह्यांच्याकडे वळून, "आन तू! कापूस काढलास न्हवं कानातला? लागलं का वारं?"

लिमयेसाहेब बाजेच्या कडेवर बसले. हे उशी छातीशी धरून उभे, मी रुमाल बांधून बसलेली, घामानं निथळत. आमचा तिसरा लेथ मला भंगारात जाताना दिसत होता.

"ऑपरेशन कधी झालं?" लिमयांनी विचारलं.

"तीन आठवडे झाले," हे म्हणाले.

"मग मागच्या दोन खेपा कोणी तपासून पाठवल्या?"

ह्यांनी उशीनं माझ्याकडे बोट... म्हणजे उशीच दाखवली.

"मी," मी रुमाल सोडत म्हणाले. "काही चुकलं का?"

"चुकलं?" लिमये म्हणाले. "पहिल्या खेपेत मी चार शाफ्ट परत पाठवले होते. या दोन खेपांत एकही नाही."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पहिली खेप ह्यांची होती.

"मला भीती हीच होती," लिमये पुढे म्हणाले, "की एकट्या माणसाचा कारखाना आहे, तो पडला तर काम पडेल. तो पडलेला मी डोळ्यांनी बघितला. काम चालूच आहे. ऑर्डर तुमची. पण एक अट आहे. माप ह्या वहिनींनीच तपासायचं."

"तपासंल की!" अव्वांनी परस्पर होकार दिला. "आन पावणं, तुमची पाठ वाकडी दिसतीया. पुण्यात तेल लावाय कोण न्हाय व्हय?" लिमये त्या दिवशी तेल लावून, मऊ भात जेवून आणि लाडवांचा डबा घेऊनच गेले. झबलं-टोपडं मी परत द्यायला गेले तर म्हणाले, "राहू द्या, पुढच्या शिंकेला लागेल."

ह्यांनी सव्वा महिना पुरा केला. अव्वांनी ह्यांना असं खणखणीत उभं केलं, की डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीला ह्यांच्याऐवजी त्यांनाच शाबासकी दिली. वजन तीन महिने उचलायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते, ते ह्यांनी जन्मभर पाळायचं ठरवलं. ऑफिसात बसून आल्यागेल्याशी बोलतात, चहा मागवतात, दुपारी घरी येऊन पडतात. मी मात्र त्या उन्हाळ्यापासून रोज सकाळी आठला उचगावला आहे, लेथच्या तेलात हात माखून.

थोडक्यात काय, ऑपरेशन ह्यांचं झालं, बाळंतपण ह्यांचं झालं, डिंकाचे लाडू ह्यांनी खाल्ले, आणि मी अशी व्यवहारी, की लेकरू तेवढं माझ्या कडेवर घेऊन बसले! तीन लेथचं लेकरू ते, अजून खाली उतरायला तयार नाही.