राणीने घेतलेली उडी

दत्ताच्या तेराव्याला त्याच्या मुलीने कोथरूडच्या फ्लॅटच्या माळ्यावरून त्याचं जुनं खोगीर काढून माझ्यापुढे ठेवलं. कातड्याचा आणि घोड्याच्या घामाचा वास नाकात गेला, आणि मी चाळीस वर्षं मागे रेसकोर्सवर जाऊन पडलो.

आम्ही दोघं तिथे सकाळी घोडे दौडवायच्या कामाला होतो. माझी घोडी राणी अशी पळायची, की तिची सावली दमून मागे बसायची! त्या दिवशी दत्ताचा घोडा पुढे होता. तो अडखळला आणि दत्ता थेट माझ्या वाटेत पडला.

"अरे, आवर तिला!" तो ओरडला.

मी घाबरून लगाम डावीकडे खेचला, आणि दत्ता डावीकडेच लोळत गेला. भरधाव घोडासुद्धा होता होईतो पडलेल्या माणसावर पाय देत नाही. राणीने माझं ऐकलंच नाही. मान हिसडून ती त्याच्यावरून उडाली. त्याला खूरही लागला नाही. पण माझा लगाम ताणलेलाच होता, त्यामुळे ती वाकडी उतरली आणि तिचा पुढचा पाय मोडला. दुपारी डॉक्टरांनी तिला इंजेक्शन देऊन संपवलं.

दत्ता जन्मभर सांगत राहिला, "ह्याने उडी मारून वाचवलं मला." मीही दरवेळी ती उडी फूटभर वाढवली.

"काका, ती उडी सांगा ना," मुलगी म्हणाली.

खोगीर मांडीवर घेऊन मी सांगितली. या वेळी राणी दहा फूट उडाली. लगामाचं मी याही वेळी सांगितलं नाही.