जाऊबाईंची बांधी

बाळांनो, तुमची आई नऊ वर्षांची असताना माझ्या हातून जवळजवळ गेलीच होती, आणि तीही घरच्याच माणसाकडे.

तेव्हा मी बालाघाटच्या शाळेत निसर्गविज्ञान शिकवत असे. इंग्रजी पुस्तकातून, फळ्यावर पानाची सुबक आकृती काढून. माझ्या थोरल्या जाऊबाई कटंगीजवळच्या खेड्यात राहत. शाळेची पायरी न चढलेल्या. दोन एकरांत धान, बांधावर तूर, खत म्हणजे शेण आणि पालापाचोळा. दर रविवारी गावातली दहा-बारा मुलं त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, उतरत. गांडुळापासून बेडकापर्यंत सगळं जाऊबाई मुलांना हातात घ्यायला लावत.

राखीला तिकडे गेलेली तुमची आई परत येईना. "मोठी माय सांगते ते मला समजतं. माझं नाव इथल्याच शाळेत घाला," असा निरोप आला. मोठी माय म्हणजे जाऊबाई. पहिलं वाक्य मला जास्त लागलं.

मी तिला आणायला रविवारी गेले तेव्हा निंदणी चालली होती, आणि तुमची आईही मुलांबरोबर चिखलात होती. जाऊबाई हसल्या, "ये वो मास्तरीनबाई! पाय भिजतीन ना तुये."

मी पातळ खोचून उतरलेच. मूळ, खोड, पान असं मोठ्याने समजावत तण उपटू लागले. मुलं गप्प झाली. मला वाटलं, ऐकताहेत. मग एक मुलगी म्हणाली, "काकू, तुमी तं धानच उपटून राह्यल्या!"

सावा नावाचं तण कोवळेपणी हुबेहूब धानासारखं दिसतं. पानाच्या सांध्यावर बोट फिरवायचं. धानाला तिथे बारीक लव असते, साव्याला नसते. मुलांना हे ठाऊक होतं. मला नव्हतं.

जाऊबाई जवळ आल्या. "हे कोनं उपटलं?"

"मी," तुमची आई म्हणाली.

"तू? तुले तं डोये मिटून समजते." त्यांनी माझ्या चिखलाच्या हातांकडे पाहिलं आणि रोपं पुन्हा रोवली. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळच्या बसला तुमची आई आपणहून माझ्याबरोबर निघाली. माझी कीव आली म्हणून, हे मला कळत होतं. वाटेत वाराशिवनी आल्यावर तिने विचारलं, "पुढच्या रविवारी जायचं ना?"

मी हो म्हटलं. मग लागोपाठ चार रविवार तिच्यासाठी घरात काही ना काही काम काढलं.