तब्येतीचं कारण सांगून मणी करायला गेले

मंडळी, आज मी माझ्या विद्यार्थ्यांशी खोटं बोलले.

मी जालन्यात कॉलेजात फिजिक्स शिकवते. काचेची कांडी ज्योतीवर वितळवून मणी करायला गेल्या महिन्यापासून शिकतेय. आज शिकवणाऱ्या ताईंनी दुपारची वेळ दिली, म्हणून मी वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, "तब्येत बरी नाही, जादा तास रद्द."

तारेवर मणी फिरवत होते, तेवढ्यात कुंभार पिंपळगावहून वर्गाला येणाऱ्या सविताचा फोन. माझा मेसेज बघायच्या आधीच ती एसटीत बसली होती.

"मॅडम, कसं वाटून राह्यलं आता? मी स्टँडवर हाये. औषध आणू का?"

ज्योत बंद केली आणि स्कूटीवर स्टँड गाठलं. तिला खरं काय ते सांगितलं. ती वही काढून म्हणाली, "मंग तेवढं गणित सांगा जल्दी. माझी गाडी चारला हाये."

तिथंच बाकावर बसून गणित सोडवलं. ती गेली, तरी मला घरी जाववेना.

उद्या वर्गात सगळे तब्येत विचारतील आणि सविता पहिल्या बाकावर बसलेली असेल. तुम्ही काय सांगितलं असतं?