आधी माझ्या डोळ्यावर लावा

आधी शिंदे सिस्टरांचं नाव घेतो. त्या नसत्या तर मी आज गडचिरोलीला परत गेलेला असतो.

मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या आयसीयूत वॉर्डबॉय आहे. शाळा आठवीत सुटली. इथे मला सगळे मामा म्हणतात, माझ्याहून मोठे डॉक्टरसुद्धा.

त्या दुपारी मार्केट यार्डातला एक हमाल व्हेंटिलेटरवर होता. ट्रकवरून पडून डोक्याला मार लागलेला. कवटीच्या आत दाब वाढतोय का, ते बघायचं होतं. पण बीपी इतकं खाली की सीटी स्कॅनला हलवणं शक्य नव्हतं. म्हणून मी सोनोग्राफीचं मशीन बेडपाशी आणलं. डोळ्यामागच्या नसेभोवती एक आवरण असतं. कवटीत दाब वाढला की ते फुगतं. मिटलेल्या पापणीवर जेल लावायचं, प्रोब अलगद टेकवायचा आणि आवरणाची जाडी मोजायची. सुई नाही, चिरा नाही.

डॉक्टरांनी जेल लावलं आणि पेशंटचा भाऊ पडदा सारून आत आला.

"डोळं काढाया लागलाय व्हय? जित्ता हाय त्यो अजून."

बाहेर बाकावर कुणीतरी त्याला नेत्रदानाचं सांगितलं होतं. डॉक्टर समजावत होते. त्याने प्रोबची वायर धरून ठेवली.

"म्या सही दिली नाय. हात लावायचा नाय कुणी."

आवाज ऐकून आलेले सुपरवायझर साहेब मला म्हणाले, "मामा, बाहेर व्हा. नातेवाइकांशी बोलायचं नाही, माहीत आहे ना?"

माहीत होतं. त्याच कारणाने माझ्या आधीचा वॉर्डबॉय घरी गेला होता. तरी मी हललो नाही.

"डॉक्टर, आधी माझ्या डोळ्यावर लावा."

डॉक्टरांनी भावाकडे बघितलं. त्याने वायर सोडली. मी स्टुलावर बसून डोळे मिटले. जेल गार होतं. झाल्यावर पुसलं आणि त्या भावाकडे बघून म्हणालो, "दिसतंय. तुमच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय."

त्याने शर्टाला हात लावून बघितलं. मग म्हणाला, "लावा. पर मी हितंच उभा ऱ्हाणार."

पेशंटचं आवरण फुगलेलं निघालं. औषध लगेच सुरू झालं, बीपी सावरल्यावर सीटी आणि मग ऑपरेशन. माणूस वाचला. उजवा हात अजून नीट उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

शिंदे सिस्टर औषधांची ट्रॉली लावत होत्या. "अहो, मग माझंही नाव काढा. नातेवाइकांशी बोला म्हणून मामांना मीच सांगितलं होतं."

सांगितलं नव्हतं. साहेबांनी विषय बदलला आणि माझी नोकरी राहिली.

मी माफी मागितली नाही, मागणारही नाही. घाबरलेल्या माणसापुढे नियम वाचून काही होत नाही, एवढं कळलं. सिस्टर गुडघ्याचं ऑपरेशन कधीची पुढे ढकलतायत. ज्या दिवशी करतील, त्या दिवसापासून त्या स्वतःच्या पायांवर चालेपर्यंत त्यांच्या उशाशी मी असेन. रजा मिळो, न मिळो.