साबण झालेलं डिझेल

फातोगोमा केइता मास्तरांनी आयुष्यात एकदाच, कुणी न सांगता, भांडं घासलं. आणि गावाच्या डिझेलचा साबण झाला.

भांडं म्हणजे नाग्नुमा कुलुबालीचं पिंप. कळकट दिसलं म्हणून मास्तरांनी ते मायेनं विसळलं आणि ओलंच ठेवलं. नाग्नुमानं त्यात मोगली एरंडाचं तापवलेलं तेल ओतलं, मिथेनॉलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक सोडा घातला. एरवी वर पिवळं डिझेल नि खाली काळसर गाळ असे दोन थर दिसू लागत. आज ढवळायची काठीच उभी राहिली. पाणी शिरलं की तेलाचा साबण होतो, हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक. मास्तर तेवढे शाळेत शिकलेले.

आज गुरुवार. उद्याच्या नमाजानंतर चक्कीचं इंजिन गावच्या डिझेलवर चाललं नाही, तर गावातलं सगळं एरंडाचं बी शहरच्या व्यापाऱ्याच्या लॉरीत चढणार, असं गावप्रमुख झांकेबाबांनी ठरवलं होतं. मग चक्की बंद, आणि बायकांच्या हातात पुन्हा मुसळ.

नाग्नुमानं वीस वर्षं बाजरी कांडली. मुसळ सुटलं, पण अंगातला ठेका काही सुटला नाही. ही बाई बसत नाही. जेवते उभ्यानं, भांडते चालता चालता. शेळीही तोंड लावत नाही अशा कुंपणाच्या मोगली एरंडाचं बी तिनं पहिल्यांदा ओच्यात भरलं, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं.

आता ती घाण्यापासून पिंपापर्यंत, पिंपापासून दारापर्यंत येरझारा घालत होती. ओरडायचीही सोय नव्हती. केइता आणि कुलुबाली ही थट्टेची कुळं. एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, पण रागावू नये, असा पणजोबांपासूनचा नेम. कुलुबालींना चवळीखाऊ म्हणणं ही त्यातलीच ठरलेली थट्टा.

"चवळीखाऊ बाई, बोल ना काहीतरी," मास्तर घाबरून म्हणाले.

"काय बोलू? गड्याच्या हाती पिंप लागू दिलं, चूक माझीच."

"निदान गाव तरी स्वच्छ होईल."

"आधी तुझं डोकं धू!" ती पुन्हा दारापर्यंत जाऊन आली. "माझ्याकडे अजून दोन पोती बी उरलंय. पण थर बसायला रात्र लागते, मग वरचं डिझेल धुवायचं, सुकवायचं. मला शनिवार हवा."

"मग माग की झांकेबाबांकडे."

"बाबाही कुलुबालीच. मी मागितलं तर म्हणतील, घरचीच बाई किरकिर करते. तू जा. थट्टेच्या कुळातल्याला नाही म्हणता येत नाही. तेवढाच तुझा उपयोग."

झांकेबाबा आंब्याखाली चहाचा दुसरा पेला घेत होते. साबणाची बातमी मास्तरांच्या आधीच तिथं पोचली होती.

"चवळीखाऊंच्या राजा, एक दिवस दे!" मास्तरांनी लांबूनच हाळी घातली.

"या साबणवाले! आज आंघोळ झाली का?"

सगळे खो खो हसले. मास्तर हसले नाहीत. "बाबा, घोटाळा माझा. तिच्या हातून एक थेंब चुकला नाही."

झांकेबाबांनी पेला खाली ठेवला. "केइता चूक कबूल करतोय! ऐकलंत रे?" मग हळूच म्हणाले, "शनिवारी दुपारपर्यंत. तोवर लॉरी थांबेल."

मास्तर धापा टाकत परतले. नाग्नुमा घाण्यात बी ओततच होती. निरोप ऐकून तिचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला.

"शनिवारी इंजिन सुरू होताना मी येऊ ना?" मास्तरांनी विचारलं.

"ये. हात मागे बांधून ये."