बेबीताईंची बंडी

३ जुलै २०२३ रोजी बेबीताईंनी माझ्या खिडकीत २,७५० रुपये ठेवले. रुग्णसहाय्यक प्रमाणपत्राची फी. मंगरूळपीरच्या आमच्या खासगी दवाखान्यात मी एकोणतीस वर्षं रोखपाल आहे आणि त्या चौदा वर्षं सफाईला. दवाखान्याने ठरवलं होतं, जानेवारीपासून वॉर्डात प्रमाणपत्राशिवाय कोणीही नको. नापास झाल्या असत्या तर नोकरी गेली असती.

"ताई, शेहेचाळिसाव्या वर्षी झेपेल?"

"झाडू मारून कंबर गेली, पारसभाऊ. आता त्या कमरेच्या हाडाचं नाव तरी शिकतो."

दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्या शब्द पाठ करायच्या. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे हळू. आठवड्याभरात त्यांनी नवऱ्यालाही नाव ठेवलं. "आमचे देवमन ब्रॅडी हायेत. हाक मारली का अर्ध्या तासानं उठतात."

ऑक्टोबरच्या सराव परीक्षेत वर्ग घेणाऱ्या डॉक्टर चेतना यांनी विचारलं, "यकृत कुठे असतं?" बेबीताईंनी स्वतःच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला. बरोबरच्या तरुण मुली हसल्या. दहापैकी दोन गुण.

चूक माझ्याही लक्षात आली नव्हती. भिंतीवरच्या शरीररचनेच्या तक्त्यातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं. तीन महिने तक्त्यासमोर उभं राहून बेबीताईंनी सगळं शरीर उलटं पाठ केलं होतं.

त्या रडल्या नाहीत. शिलाई मशीन घरी होतीच. दवाखान्याच्या उशांचे अभ्रे त्याच शिवत. सोमवारी त्या देवमन यांची जुनी पांढरी बंडी घालून आल्या. तिच्यावर चिंध्यांचे अवयव टाचलेले. यकृत तपकिरी ब्लाउजपीसचं, उजव्या बाजूला. त्याचं टोक बटणपट्टीच्या पलीकडे जात होतं, म्हणून तेवढा तुकडा टिचबटनाने लावलेला. जठर गुलाबी, प्लीहा जांभळी. पाठीवर दोन मूत्रपिंडं, उजवं जरासं खाली.

"हे एक खाली काहून?" मी विचारलं.

"वर लिवर बसलं हाये ना. जागाच नाही त्याले."

बंडी घातली की उजवं ते उजवंच राहतं. दोन महिने त्या कपड्यांवरून बंडी घालून फरशी पुसत होत्या. पुसता पुसता हात जिथे जाईल तिथलं नाव घेत. पेशंट चेष्टा करायचे, मग त्यांनाच पाठ झालं.

डिसेंबरमध्ये अकोल्याहून परीक्षक आले. बंडी बाहेर काढून ठेवावी लागली. खाटेवर एक माणूस झोपवून त्यांनी विचारलं, "पित्ताशय दाखवा. कोणत्या बाजूला?"

बेबीताईंनी त्या माणसाच्या उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. "उजव्या."

"माझ्या बाजूने पाहिलं तर डावीकडे आहे."

"तुमचं कायले पाहू, साहेब? दुखनं त्याचं हाये."

परीक्षक हसले आणि लिहीत राहिले. शंभरपैकी त्र्याहत्तर गुण. हसलेल्या मुलींपैकी कोणालाही एवढे नव्हते. जानेवारीपासून बेबीताई वॉर्डात आहेत. कोणाचं पोट दुखलं तर नेमकं कुठे, हे रात्रपाळीचा डॉक्टरही आधी त्यांना विचारतो.

नवीन तुकडीसाठी डॉक्टर चेतनांनी बेबीताईंकडून तशीच दुसरी बंडी शिवून मागितली. कापड-शिलाईचे ३४० रुपये झाले. सुटे नव्हते म्हणून मी बेबीताईंना ३०० दिले. चाळीस रुपये देणं बाकी आहे.