भरतीचा ताप

एकोणऐंशी साली मी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, एकोडीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. बायको कोकणात, समुद्राकाठच्या आमच्या घरी. आदल्या दिवाळीत भांडण झालं. "त्या परमुलखात मी येणार नाही," ती म्हणाली. "मग पत्रही पाठवू नकोस," मी म्हणालो. तिने शब्द पाळला. मीही हट्टाला पेटलेला. चार महिने खोलीत माझ्याशी बोलायला फक्त स्टोव्ह होता, आणि तोही धड पेटत नसे.

मार्चमध्ये पेपरात आलं, गुरूच्या एका चंद्रावर ज्वालामुखी दिसले. सूर्यापासून इतक्या लांब ऊब कुठली? वर्गात सांगितलं, शेजारचे चंद्र त्याला ओढतात, म्हणून त्याची वाट नीट गोल राहत नाही. गुरूच्या जवळ आला की ताणला जातो, लांब गेला की सैल पडतो. असं सारखं होऊन तो आतून तापतो. पोरांना तार पुन्हा पुन्हा वाकवायला दिली. वाकली तिथे गरम झाली. एकाची तर तुटलीच. "हा भरतीचा ताप," मी ऐटीत म्हणालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! समुद्र तिथे कुणी पाहिलेला नव्हता, आणि भरती म्हणजे दवाखान्यात दाखल होणं, हे मला कुठे ठाऊक.

संध्याकाळी शेजारीण पेजेचं पातेलं घेऊन आली. तळ्यातले मासे विकायची. तिची मुलगी माझ्याच वर्गात.

"गुरुजी, मास्तरीनबाई भरती हायेत म्हन्ते? पोरगी सांगे, लांब रायते तिले ताप आला म्हून. मंग तुमी इथं काहून बसून राहिले? जा ना!"

हसायला तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं. चार महिन्यांत बायकोबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. खरं काय ते मी सांगितलं नाही. बातमी हेडमास्तरांपर्यंतही पोचली होती; त्यांनी आपणहून रजा दिली.

दोन दिवसांचा प्रवास करून दारात उभा राहिलो. ती ठणठणीत होती. सगळी गंमत एका दमात सांगून टाकली. ती हसली, खूप हसली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे तुम्हांला यायला माझा ताप लागला. तोही खोटा."

मी एकटाच परतलो. शेजारीण पातेलं न्यायला आली.

"उतरला ना जी ताप?"

"उतरला," मी म्हटलं.